नऊ पायांचा घोडा

तारोडीच्या मावशीला आधी हात जोडतो, मग काय झालं ते सांगतो. ती ख्रिस्ती, मी वऱ्हाडातला माळी. ती समुद्राकाठी वाढलेली, मी विहिरीच्या पाण्यावर. नातं काही नाही, ओळखपाळख नाही. तरी तिनं एक अख्खा हिवाळा मला पडवीत जागा दिली, तांदळाची भाकर दिली, आणि ऐन वेळी चार मोठ्या माणसांसमोर माझी लाज राखली. आज महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन चित्रं काढणारा मी जो कोणी झालो आहे, तो तिच्यामुळे. रावसाहेबांमुळे नाही. हे वाचून रावसाहेबांना राग येईल अशी भीती वाटते; पण स्वतः लिहिलेलं सोडून दुसरं काही वाचायची त्यांना सवय नाही, तेवढाच धीर.

युरोपात लढाई सुरू झाली त्या वर्षीचा तो हिवाळा. मी एकवीस वर्षांचा. शाळा मराठी चौथीत सुटली ती सुटलीच. वडील गेले, काकांनी मला कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाठींवर अक्षरं रंगवायला लावलं. हात बरा होता म्हणून लग्नसराईत लोक बोलावत. आमच्याकडे लग्नघराच्या दाराशी भिंतीवर घोडा, हत्ती, शिपाई काढतात. माझा घोडा चांगला यायचा. हत्ती डुकरासारखा व्हायचा, पण घोडा म्हणजे लोक थांबून बघायचे. काकांना तो धंदा पसंत नव्हता. "भिंतीवर घोडे काढून पोट भरत नाही," म्हणायचे, आणि पुढे, "जा कुठं जायचं तिथं, परत येशील तेव्हा गाठी आहेतच." ते 'परत येशील' माझ्या कानात खिळ्यासारखं बसलं होतं.

रावसाहेब आमच्या तालुक्याला मामलेदार होते. निवृत्तीच्या आधी एका लग्नात त्यांनी माझा घोडा पाहिला. निवृत्त होऊन ते हवापालटासाठी भाईंदरला बंगला भाड्यानं घेऊन राहिले, आणि हवा पुरेशी झाल्यावर त्यांना इतिहास सुचला. भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या त्या पट्ट्यात पेशव्यांच्या फौजेनं फिरंग्यांशी झुंज दिली होती. तिच्या जागा, बुरूज, स्मारकं यांचं सचित्र पुस्तक करायचं आणि मुंबईच्या विद्वान मंडळींपुढे ठेवायचं, असा बेत. चित्रांसाठी मला पत्र आलं. 'पुस्तक मान्य झाल्यास तुझी तेथे चित्रकार म्हणून सोय लावीन.' त्या एका ओळीवर मी आगगाडीत बसलो.

आल्या दिवशीच रावसाहेबांनी शेजाऱ्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमचे चित्रकार. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले."

मी घाबरून म्हणालो, "रावसाहेब, मी तर चौथी..."

"तुम्ही गप्प राहा. गप्प राहिलात की शिकलेले दिसता."

हे मात्र त्यांचं खरं निघालं.

काम हिवाळ्यातच व्हायचं, त्याला कारण होतं. पावसाळ्यानंतर तिकडच्या माळांवर पुरुषभर गवत माजतं. बुरूज काय, हत्ती लपेल. थंडी पडली की ते कापून गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात आणि मग दगड उघडे पडतात. घोड्यांचं खाणं तिथून जायचं, घोडे मात्र त्या भागात नावाला नव्हते. भाईंदर स्टेशनचा टांगा सोडला तर मला एकही दिसला नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. आली नाही.

रंगीत पेन्सिलींच्या बाराबाराच्या चार पेट्या होत्या, जर्मन. लढाईमुळे नवी मिळणार नाही म्हणून रावसाहेब त्या कपाटात कुलपात ठेवत आणि एकेक पेन्सिल हातात देत. जुनं थोटूक दाखवल्याशिवाय नवी नाही. थोटूक बोटात धरता येत असेल तर म्हणत, "अजून दोन बुरूज निघतील यातून." सकाळी दवानं कागद मऊ पडायचा, पेन्सिल ओढली की रंग बसायच्या ऐवजी कागदच उठून यायचा. म्हणून उन्हं चढेस्तोवर मी बगलेत कागद धरून, नाक गळत, बुरुजाच्या आडोशाला उभा. आणि रंगीत पेन्सिलीचं एक वाईट असतं: ओढलेली रेघ खोडता येत नाही. खोडायला जावं तर पसरते. चुकलं ते चुकलं.

रोज भाईंदरहून चालत जाणं जमेना, म्हणून तिकडच्याच तारोडी गावात जागा शोधली. तिथं ही मावशी भेटली. नवरा गेलेला, मुलगा बोटीवर खलाशी, घरापुढं वालाचा वेल, मागं वाळत घातलेले बोंबील. मला बघून पहिलं वाक्य, "कुठला रं तू? बोलतोस घाटी."

"वऱ्हाडातला, मावशी."

"ते कुठं आलं?"

"लई दूर. घाटावर."

"मंग घाटीच की," ती म्हणाली, आणि तेव्हापासून मी घाट्या. बोंबलाच्या वासानं पहिले दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यापुढं ताट ठेवून म्हटलं, "खा. मेलास तर पुरायचा का जाळायचा, तेपण मला ठाऊक न्हाय." मी खाल्लं. घरी पत्रात लिहिलं की एका सोवळ्या खानावळीत जेवतो. रावसाहेबांनाही तेच सांगितलं. आईला ते पत्र शाळामास्तर वाचून दाखवायचे आणि 'सोवळ्या' या शब्दावर ती दरवेळी समाधानानं मान हलवायची, असं बहिणीनं कळवलं. ते अजून मनाला लागतं.

बुरूज काढून झाले. रावसाहेबांनी ते हातभर उंच करवून घेतले, वर भगवा लावायला सांगितला. "तिथं निशाण नाही, रावसाहेब." "तेव्हा होतं ना?" मी नारिंगी पेन्सिल मागितली.

मग गावच्या तळ्याकाठचे तीन दगड. उभे, माझ्या छातीइतके, कप्पे पाडून कोरलेले. लढाईत पडलेल्याच्या नावानं असा दगड उभा करतात, वीरगळ म्हणतात, आमच्याकडेही आहेत. पण या तिन्हींची गंमत अशी की एकाला कोळ्यांनी देव मानून शेंदूर थापलेला, दुसरा क्रुसाच्या ओट्याजवळ होता म्हणून ख्रिस्ती मंडळी दर नाताळाला क्रुसाबरोबर त्यालाही चुना लावायची, आणि तिसरा कोणाचाच नाही म्हणून बकऱ्या त्याला अंग घासायच्या. तिन्हींवरचं कोरीव काम सारखंच झाकलेलं, मग भक्तीनं असो की बकरीनं. चुन्याचे थर तर असे की दगड सुजल्यासारखा दिसायचा.

मी चुन्याच्या दगडापासून सुरुवात केली. खालच्या कप्प्यात एक वाकलेली मान वर गेलेली, मागं लांब अंग, खाली पायांची रांग, वर माणसं. मी डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्या हाताला एकदम ओळख पटली. घोडा! अशी मान मी शंभर भिंतींवर काढली होती. पाय जरा जास्त वाटले. म्हटलं, दोन-तीन घोडे एकामागं एक असतील.

रावसाहेब तर खुर्चीतून उठले. "घोडदळ! मला ठाऊकच होतं. वर बसलेल्यांना पागोटी घाला."

"डोकी झिजलीत, रावसाहेब. दिसत नाही."

"पागोटं होतं म्हणूनच डोकं झिजलं नाही पूर्ण. आणि मिशा. मिशांशिवाय मराठा गडी कसा दिसेल?"

मी मिशा काढल्या. शेंदराच्या दगडातही घोडे निघाले, बकऱ्यांच्याही. एकदा घोडा दिसू लागला की थांबत नाही. सात कागद घोडदळाचे झाले. तपकिरी पेन्सिल तीन वेळा संपली आणि आश्चर्य म्हणजे रावसाहेबांनी थोटूक न बघता नवी दिली. मावशीनं एकदा कागद उलटसुलट करून बघितले. "लग्न कोणाचं हाय?" एवढंच विचारलं. मला ते लागलं. शिकलेली असती तर कळलं असतं, असं मी, चौथी पास, मनात म्हणालो.

नाताळानंतरच्या आठवड्यात मुंबईहून दोघे विद्वान येणार, कागद हातात घेऊन प्रत्यक्ष दगडांशी ताडून बघणार, असं पत्र आलं. त्यावर माझी नोकरी ठरणार होती. पसंत पडलो तर मुंबई. नाही तर काका आणि कापसाच्या गाठी. माझं जेवण कमी झालं. मावशी म्हणाली, "पोरगी बघायला येतायत का तुला?"

नाताळाच्या आधी तीन दिवस गावात चुन्याचं काम निघालं. शिंपल्या भाजून केलेला चुना, हंड्यात कालवलेला. दरवर्षी जुन्यावर नवा हात मारत. त्या वर्षी मावशी आणि तिच्या जावेनं ठरवलं की पोपडे फार सुटलेत, आधी खरवडून काढू. कालवाच्या शिंपल्यांनी दोघींनी अख्खा दगड खरवडला, काथ्यानं घासला, धुतला. मग पहिला हात पातळ मारला. पातळ चुना उंचवट्यावरून ओघळून गेला आणि कोरलेल्या रेघांत भरून राहिला. काळा दगड, त्यावर पांढऱ्या रेघा. पाटीवर काढल्यासारखं सगळं स्पष्ट.

मावशीची हाक आली, "ये घाट्या! तुझा घोडा बघ. पाण्यात उतरला."

मी गेलो. उभा राहिलो. मान होती ती नाळ होती, होडीचं वर उचललेलं पुढचं टोक. लांब अंग होतं ते होडीचंच. खालचे पाय ही वल्ही होती, ओळीनं नऊ. खाली मासासुद्धा कोरला होता. आणि वरची माणसं उघड्या डोक्याची, केसांचा मागं बुचडा. पागोटं नाही. मिशी तर औषधालाही नाही.

"ही होडी हाय," मावशी म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"इतके दिवस तुला काय दिसत होतं?"

"घोडा."

जाऊ हसून हसून तळ्याच्या पायरीवर बसली. "अगो, घाट्याला घोडाच दिसणार! ह्याला जहाजात बसवलं तर लगाम मागंल!"

त्या दोघींनी, त्यांच्या सासवांनी, त्यांच्याही आधीच्यांनी हा दगड होडीचा म्हणूनच बघितलेला. विचारलं कोणी नव्हतं. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकारानं तर मुळीच नाही.

मी तसाच भाईंदरला चालत गेलो. रावसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा एकदा चाळले.

"हे कोणी सांगितलं?"

"मावशीनं... म्हणजे तिथल्या एका बाईनं. पण मी डोळ्यांनी पाहिलं, रावसाहेब."

"खानावळवाली?"

"खानावळ नव्हे. बोंबील वाळवते ती."

"अहो, बोंबील वाळवणाऱ्या बाईला इतिहासातलं काय कळतं? तिला जिकडंतिकडं होडीच दिसायची." हेच वाक्य माझ्यावर आणि घोड्यावर लावून बघावं असं त्यांना सुचलं नाही, आणि मला सुचलं तरी बोलायची छाती नव्हती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. चुना पातळ लागला म्हणता ना? मग दुसरा हात जाड मारून घ्या. चांगला दोन-तीन थर. सण आहे त्यांचा, कोणाला संशय येणार नाही. तुमची मुंबईची सोय माझ्या शब्दावर आहे, विसरू नका."

मी परत तारोडीला. लाज बाजूला ठेवून मावशीला म्हणालो, जाड चुना हवा. का हवा तेही सांगितलं. तिच्यापुढं खोटं बोलायला मला जमत नसे, ती लगेच हसायची. या वेळी हसली नाही. हंडा माझ्यापुढं सरकवला, वर कुंचला ठेवला.

"चुना माझा हाय, दगड गावाचा हाय. हात तुझा हाय. लाव."

मी कुंचला उचलला. बुडवला. दगडापुढं गेलो. तिथं वल्ही मारणारे ते नऊ गडी, कोण कुठले, पाण्यात मेलेले, एवढ्या वर्षांनी एकदा तोंड धुऊन बाहेर आलेले. मी उभा. चुना कोपरापर्यंत ओघळला. मी फार धीराचा माणूस नाही, तसा आव आणत नाही. मी कुंचला खाली ठेवला याचं कारण शौर्य नव्हतं. हात चालेना, एवढंच. आणि मग वाटलं, की आता दोन्हीकडून गेलो.

"झालं?" मावशीनं मागून विचारलं. "मंग बस आता. दुसरा हात राहू दे, कागद आण."

पुढचे चार दिवस तिनं मला तो दगड शिकवला. ही नाळ, ही पिछाडी. हा मागं उभा तो सुकाणूवर, बघ त्याचं वल्हं बाकीच्यांपेक्षा लांब हाय. हे सगळे पुढं वाकलेत म्हणजे वल्हं ओढतायत, हा एक मागं वाकला म्हणजे ह्याला बाण लागला. हा शेवटचा मला दिसलाच नव्हता. नाताळाच्या दिवशीसुद्धा प्रार्थनेहून आल्यावर नव्या लुगड्यात ती येऊन उभी राहिली. "घाट्या, पाणी हिरवं काय करतोस? उधाणाचं पाणी हाय हे, मळकट कर." मी म्हणालो दगडात रंग कुठं आहे. "तू घोडे तपकिरी कशाला केले मंग?" मी मळकट केलं. तपकिरीचं उरलेलं थोटूक त्यालाच लागलं.

तो एक कागद मी सदऱ्याच्या आत ठेवला. दाखवायचा बेत नव्हता. फक्त ठेवला.

मंडळी आली. म्हातारे विद्वान, जाड चष्मा. त्यांच्याबरोबर एक तरुण, सारखं लिहून घेणारे. रावसाहेबांनी कोट घातलेला. चुन्याचा दगड उघडा बघून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वऱ्हाडचं तिकीटच दिसलं. पण मागं कसे हटणार? घोडदळाचा कागद उघडून त्यांनी भाषण सुरू केलं: पागोटी, मिशा, पेशव्यांच्या घोडेस्वारांची चढाई.

म्हातारबुवा खाली बसले. पांढऱ्या रेघांतून बोट फिरवत गेले. मोजलं.

"रावसाहेब," ते म्हणाले, "आपल्या घोड्याला नऊ पाय आहेत."

तरुणानं वहीत तोंड लपवलं.

"आणि हे दगड पेशव्यांच्या कितीतरी शतकं आधीचे. पागोटी कुठून आली?"

रावसाहेब क्षणभरच अडखळले. मामलेदारी उगाच केली नव्हती. "चित्रकाराची चूक. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला म्हणून विश्वास टाकला. हल्ली काय शिकवतात तिथं कोण जाणे."

म्हातारबुवा माझ्याकडं वळले. "कितव्या वर्षापर्यंत होता?"

मी सदऱ्यातला कागद पोटाशी दाबून धरला. गप्प राहिलो की मी शिकलेला दिसतो. त्या दिवशी तेवढंही दिसलो नसेन. तळ्याच्या पायरीवर मावशी कपडे आपटत होती. ती उठली, हात लुगड्याला पुसले आणि सगळ्यांच्या मधून येऊन म्हणाली, "अरे मेल्या, तो दुसरा कागद दाखव की! पोटाशी काय धरून बसलास, अंडं हाय का?"

आणि मी हलेना म्हणून तिनं स्वतः माझ्या सदऱ्यात हात घालून तो ओढून काढला.

म्हातारबुवांनी कागद दगडाशेजारी धरला. एकदा इकडं, एकदा तिकडं. "हा बाण लागलेला... हा मलाही दिसला नव्हता. आणि सुकाणूवरचा. हे कोणी ओळखलं?"

मी मावशीकडं बोट केलं. मग एकदम तोंडातून निघालं, "अन् मी कलाशाळेत नव्हतो, साहेब. मराठी चौथी. मले घोडाच वाटला होता."

"चौथी?" ते हसले. "बरं झालं. जास्त शिकला असतात तर मलाच पटवून दिलं असतंत की घोडा आहे." मग त्यांनी मावशीला नमस्कार केला, आणि लगेच रावसाहेबांना म्हणाले, "स्थानिक लोकांकडून माहिती फार छान मिळवलीत आपण." रावसाहेबांनी नम्रपणे मान झुकवली. तशी मान झुकवणं मला आजवर साधलेलं नाही.

मला मुंबईला बोलावणं आलं, रावसाहेबांच्या शब्दाशिवाय. फुटकी मडकी, मोडक्या मूर्ती, शिलालेख, जे पुढं ठेवतील ते काढतो. जे दिसतं तेवढंच काढतो, आणि कळलं नाही तर त्या गावच्या माणसाला विचारतो. काकांच्या गाठी दुसरं कोणी रंगवतं. कामावरून काढून टाकतील ही धास्ती अजून आहे. ती बहुधा माझ्याबरोबरच जाईल.

पुढं त्या दगडावरचा लेख छापून आला. माझं चित्र त्यात आहे, शाईत उतरवलेलं, उधाणाच्या मळकट पाण्याशिवाय. खाली ओळ आहे: नौकायुद्धाचा हा प्रसंग प्रथम रावसाहेबांच्या लक्षात आला. मी तो लेख तारोडीला नेऊन मावशीला वाचून दाखवला. ती ओळ गाळून दुसरंच काहीतरी वाचलं. ती दाराशी बसून वाल सोलत होती. "माझं नाव लिवलंय का न्हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "लिहिलंय की, मावशी."

ती हसली. मघाशी सांगितलंच, माझं खोटं तिला लगेच कळतं.

मावशी, एक दिवस माझ्या चित्रांचं पुस्तक होईल. कधी होईल, कोण छापील, मला ठाऊक नाही. कागद मिळत नाही, ओळखी नाहीत, आणि वरच्यांना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. पण होईल तेव्हा तो होडीचा कागद रंगात छापून घेईन, आणि त्याच्याखाली हा दगड पहिल्यांदा कोणी वाचला ते तुझ्या नावागावासकट लिहीन. ती ओळ मग खरीखुरी वाचून दाखवायला मी येईन. तोवर तुझं देणं माझ्याकडं राहिलं.